सोलरची शेवटची सही दसऱ्यानंतर करा

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण आणि दिंडोरी तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींच्या सर्व सरपंच ताई-दादांना,



मार्चअखेर जवळ आली की ग्रामपंचायतीत घाई उडते. वित्त आयोगाचा निधी असो की पेसाचा पाच टक्के अबंध निधी, तो वेळेत खर्ची पडायला हवा असतो. त्यात सोलरचं काम बहुधा असतंच. अंगणवाडीवर पॅनल, शाळेत दिवे, समाजमंदिरात बॅटरी, विहिरीच्या वाटेवर खांब. ठेकेदाराची माणसं सकाळी येतात, दुपारपर्यंत पॅनल पत्र्यावर चढतं, संध्याकाळी दिवा लागतो, नारळ फुटतो, फोटो निघतो आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर तुमची सही होते. मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या सहीबद्दल.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवलं. निवृत्तीनंतर मीटर पिशवीत टाकून पाड्यांवर जातो, कुणी बोलावलं तर बंद पडलेलं सोलर बघून देतो. बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. पॅनल ठणठणीत असतं, दिवाही चांगला असतो, पण बॅटरी मेलेली असते. पॅनलवर कंपन्या पंचवीस वर्षांची हमी देतात आणि ते टिकतंही. लेड-ॲसिड बॅटरी नीट वागवली तर चार-पाच वर्षं काढते. इथे मात्र ती दुसऱ्या पावसाळ्यातच मान टाकते. मग लोक म्हणतात, सोलर काही कामाचं नाही. त्यांचं चुकत नाही, त्यांना अंधार दिसतो. पण दोष सूर्याचा नसतो. बसवताना कुणी काही मोजलेलं नसतं, म्हणून हे होतं.

आणि जे थोडंफार तपासलं जातं, ते वर्षातल्या सगळ्यात फसव्या महिन्यात तपासलं जातं. मार्चमध्ये तुमच्याकडे आकाश निरभ्र असतं आणि ऊन टोचतं. मुख्य म्हणजे सागाला पान नसतं. सुरगाण्याच्या बाजूला फाल्गुनात उभं राहून बघा, डोंगर उघडे दिसतात. त्या उघड्या झाडांखाली कुठेही पॅनल लावा, दिवसभर ऊन मिळेल. मग मृग लागतो, सागाला सुपाएवढी पानं येतात, आकाश चार महिने झाकून जातं, आणि मार्चमध्ये पास झालेलं सोलर आषाढात नापास होतं. त्याच दिवसांत पाड्यावर उजेडाची गरज सगळ्यात जास्त असते. लाइन तुटलेली असते, वाट चिखलाची असते आणि सर्पदंशाचा धोका याच दिवसांत वाढतो.

सावलीचं म्हणतो ते किती गंभीर आहे, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बॅटरी थोडी उतरलेली असताना, भर दुपारी, १०० वॅटच्या पॅनलच्या तारेला डीसी क्लॅम्प मीटर लावायला सांगा. पाच अँपियरच्या आसपास आकडा दिसेल. आता सागाचं एक मोठं पान घ्या आणि पॅनलच्या एका कोपऱ्यावर ठेवा. बाकी सगळं पॅनल उन्हात लखलखत असतं, तरी मीटरचा आकडा धाडकन खाली येतो. नेहमीच्या ३६ सेलच्या पॅनलमध्ये तो जवळजवळ शून्यावर जातो. कारण हे सगळे सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि एका सेलने वाट अडवली की सगळ्यांची वाट अडते. आत बायपास डायोड असतात, पण ते पॅनल जळू नये म्हणून. अर्धं पॅनल गळालं की उरलेल्या अर्ध्याचा दाब बारा व्होल्टच्या बॅटरीला भरायला पुरत नाही. नव्या हाफ-कट पॅनलमध्ये नुकसान कमी होतं, पण होतंच. पक्ष्याची वाळलेली विष्ठा, खांबाची सावली, डिशची छत्री, सगळ्यांचा परिणाम असाच असतो. हा प्रयोग ग्रामसभेपुढे करावा असं मला फार वाटतं. एकदा ते पान आणि तो आकडा पाहिला की पॅनल पुसायला आणि फांदी छाटायला कुणाला सांगावं लागत नाही.

जागा ठरवताना आणखी एक हिशेब करा. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण वीस अंशांच्या उतारावर बसवलं की वर्षभराचा मेळ बसतो, आणि पावसाने धूळही धुऊन निघते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरात मात्र तो दुपारी बारालाही क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे पॅनलच्या दक्षिणेला पॅनलपेक्षा दहा मीटर उंच झाड असेल तर हिवाळ्यात त्याची सावली भर दुपारी नऊ मीटरपलीकडे पोहोचते. मार्चच्या दुपारी जागा बघणाऱ्याला ती दिसत नाही. पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, कोणत्या महिन्यात कुठे ऊन असतं ते त्याला पाठ असतं.

आता पॅनल केवढं घ्यायचं. एका अंगणवाडीचा हिशेब मांडतो. पाच वॅटचे तीन दिवे चार तास, म्हणजे ६० वॅट-तास. पंधरा वॅटचा डीसी पंखा चार तास, तेही ६०. मोबाइल चार्जिंगला २० धरा. रोजचे १४० झाले. पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या साध्या चार्ज कंट्रोलरमध्ये, तारेत, उष्णतेत आणि बॅटरीत मिळून पॅनलच्या छापील वॅटपैकी साठ टक्के हाती लागतात असं समजा. चांगल्या उन्हाचे पाच तास मिळाले तर ५० वॅटचं पॅनल पुरेल. पण ढगाळ दिवसात अडीच तासांइतकंच ऊन धरलं तर १०० वॅटचं लागेल. येवल्याला ज्या पॅनलवर भागतं त्यावर पेठला भागत नाही. तरी जिल्हाभर एकाच मापाचे संच वाटले जातात, कारण दरपत्रक एकच असतं. बॅटरीचंही तसंच आहे. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याहून खाली उतरवू नये. तीन दिवस ऊन पडलं नाही असं धरलं तर ४२० वॅट-तास साठलेले हवेत, म्हणजे बारा व्होल्टची ७० अँपियर-अवरची बॅटरी. दोनच दिवस धरले तर ५० ची. घाटमाथ्यावर ७० च्या खाली जाऊ नका. दिवे जास्त नि बॅटरी लहान हा सौदा पहिल्या दिवशी गोड वाटतो, पण त्यात बॅटरी रोज तळापर्यंत उपसली जाते. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि मग कितीही ऊन दिलं तरी ती भरत नाही.

कागद झाला. आता प्रत्यक्ष चाचणी. यासाठी लागतो एक साधा मल्टिमीटर, एक डीसी क्लॅम्प मीटर आणि मोटारीच्या हेडलाइटचा एक जुना बल्ब. क्लॅम्प मीटर घेताना डीसी अँपियर मोजणारा आहे ना, हे नक्की बघा. स्वस्तातले पुष्कळसे मीटर फक्त एसी मोजतात.

पॅनलच्या पाठीवर चिकटपट्टी असते. तिच्यावरचे आकडे आधी वहीत उतरवा: वॅट, ओपन सर्किट व्होल्टेज, शॉर्ट सर्किट करंट. बसवणारा तुम्हाला मल्टिमीटर लावून दाखवतो, हे बघा, वीस व्होल्ट, पॅनल एकदम फर्स्ट क्लास. यावर समाधान मानू नका. रिकाम्या पॅनलचा व्होल्टेज ढग दाटून आले तरी फारसा पडत नाही, एकोणीस-वीसच्या आसपास राहतो. भर उन्हात पॅनल साठ अंशांपर्यंत तापलं की उलट तो बावीसवरून वीसच्या खाली येऊ शकतो, आणि त्यात काही दोष नसतो. व्होल्टेजवरून एवढंच कळतं की पॅनल जिवंत आहे. त्यात किती दम आहे ते करंटवरून कळतं, कारण करंट उन्हाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून स्वच्छ दुपारी, पॅनल कशालाही न जोडता, त्याच्या दोन तारा मल्टिमीटरच्या १० अँपियरच्या खाचेतून एकमेकींना जोडायला सांगा. १०० वॅटच्या एका पॅनलला यात धोका नसतो. चिकटपट्टीवर साडेपाच अँपियर लिहिलंय आणि मीटर साडेचार-पाच दाखवतोय, तर ठीक. अडीच-तीन दाखवत असेल तर पॅनल परत पाठवा. हीच गोष्ट बॅटरीवर मात्र कधीही, कुणीही करू नये. बॅटरीची दोन टोकं जोडली तर शेकडो अँपियर वाहतात, तार वितळते, हात भाजतो. बॅटरीच्या प्लसला अगदी जवळ फ्यूज हवाच. नसेल तर बाकीचं काही बघू नका, आधी फ्यूज लावून घ्या.

जोडणीचा क्रमही उभं राहून बघा. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल, मग दिवे. काढताना उलटं. पॅनल आधी जोडलं तर पुष्कळ कंट्रोलरना बॅटरी बारा व्होल्टची आहे की चोवीसची, हे कळत नाही आणि ते बिघडतात. पॅनल जोडताना त्यावर गोणपाट टाकलं की तारेच्या टोकाला ठिणगी उडत नाही.

तारेकडे कुणी बघत नाही, आणि पैसा तिथेच वाचवला जातो. दीड एमएमची तांब्याची तार पॅनलपासून बॅटरीपर्यंत दहा मीटर नेली, तर जाऊन-येऊन वीस मीटर होते. पाच अँपियरला तिच्यात सव्वा व्होल्ट जिरतो. घरच्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये सव्वा व्होल्ट कुणाच्या लक्षातही येणार नाही. बारा व्होल्टच्या संचात तो दहावा हिस्सा आहे. चार एमएमची तार घातली तर तोटा अर्ध्या व्होल्टच्या आत येतो. बघायचं सोपं आहे. चार्जिंग चालू असताना पॅनलच्या टोकाला व्होल्टेज मोजा, लगेच कंट्रोलरच्या टोकाला मोजा. फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी बॅटरीची, आणि ती मी अजून एकाही पाड्यावर ठेकेदाराने करून दिलेली पाहिली नाही. तिला पैसा लागत नाही, एक दिवस लागतो. बॅटरी दिवसभर उन्हावर पूर्ण भरू द्या. कंट्रोलरच्या पडद्यावर व्होल्टेज १४.४ च्या आसपास चढून मग साडेतेरा-पावणेचौदाला स्थिरावला पाहिजे. तसा स्थिरावला म्हणजे कंट्रोलरही नीट चालतोय. रात्रभर बॅटरीला काही न जोडता ठेवा. सकाळी मोजा, १२.७ च्या आसपास हवं. मग तो हेडलाइटचा बल्ब फ्यूजमधून थेट बॅटरीला लावा. ६० वॅटचा बल्ब साधारण पाच अँपियर ओढतो. ५० अँपियर-अवरची, दहा तासांच्या दराने मापलेली बॅटरी असेल तर तो बल्ब दहा तासांच्या आसपास जळायला हवा. ७० ची असेल तर त्याहून बरंच जास्त. शाळेतल्या मुलांना बसवा, दर अर्ध्या तासाला व्होल्टेज वहीत लिहायला लावा. बल्ब जळत असतानाच १०.८ दिसलं की बंद. ५० ची म्हणून आलेली नवी बॅटरी आठ तासांच्या आत बसली, तर ती ५० ची नाही किंवा दुकानात वर्षभर पडून म्हातारी झालेली आहे. लगेच परत चार्जिंगला लावा, उतरलेली ठेवू नका. मुलांनी काढलेला तो आलेख ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावा. पुढच्या वर्षी हीच चाचणी पुन्हा केली की बॅटरी किती खंगली ते आकड्यात कळेल.

लिथियम बॅटरी आता पुष्कळ येतात. एलएफपी जातीची बॅटरी महाग पडते, पण खोल उपसली तरी सहन करते आणि तिला पाणी घालावं लागत नाही. मात्र ती जवळजवळ शेवटपर्यंत तेरा व्होल्टच्या आसपासच दाखवते आणि मग एकदम बंद होते. म्हणून तिची तर बल्ब लावूनच परीक्षा घ्यावी लागते. कंट्रोलरवर ‘लेड’ आणि ‘लिथियम’ असं निवडायचं असतं. ते चुकलेलं असलं तर बॅटरी रोज थोडीथोडी खराब होते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

बॅटरी कुठे ठेवलीय तेही बघा. खांबाच्या टोकाला पत्र्याच्या डब्यात ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरी उन्हात भाजते. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. अंगणवाडीत मुलांच्या हाताशी, जमिनीवर उघडी ठेवलेलीही मी पाहिली आहे. टर्मिनलवर निळसर-पांढरी बुरशीसारखी पूड साचलेली आणि शेजारी खेळणारी पोरं. आत गंधकाम्ल असतं, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. लाकडी पेटी, वर भोकं, कुलूप आणि सावली, एवढं केलं की झालं. टर्मिनल स्वच्छ करून व्हॅसलीन लावा.

हे सगळं कोण करणार? तुमच्याच गावात माणूस आहे. तालुक्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारी पोरं तुमच्या पाड्यांवरचीच आहेत. आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये शाळकरी मुलांसाठी सौर दिव्यांचा जो मोठा कार्यक्रम हाती घेतला, त्यात दिवे खेड्यांतल्याच लोकांनी जोडले आणि दुरुस्तीही त्यांच्याकडेच दिली. महाराष्ट्रही त्यात होता. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने तर शाळेचं तोंड न पाहिलेल्या आज्यांना सौर दुरुस्ती शिकवली. बचत गटातल्या दोघी आणि आयटीआयचा एक मुलगा एवढ्यांनी हे काम शिकायला चार दिवस पुरतात. त्यांना चाचणीचे आणि देखभालीचे रीतसर पैसे द्या.

ठेकेदाराची देखभाल संपल्यावर बॅटरी कोण घेणार, हेही आजच ठरवा. २०१७ च्या सौभाग्य योजनेत दुर्गम घरांना २०० ते ३०० वॅटचं पॅनल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि एक प्लग द्यायचं ठरलं, आणि त्यासोबत पाच वर्षं देखभाल-दुरुस्तीही. सरकारी कागदावर देखभालीचा एवढा स्पष्ट उल्लेख क्वचित असतो, म्हणून मला ती अट आवडली. पण पाच वर्षं म्हणजे जवळपास बॅटरीचं आयुष्य. सहाव्या वर्षी पॅनल उभं आणि पेटी रिकामी, असं व्हायला नको असेल तर बॅटरीच्या आजच्या किमतीचे अठ्ठेचाळीस भाग करा आणि दरमहा एक भाग वेगळ्या खात्यात टाका. जुनी बॅटरी भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. तिच्यातलं शिसं विहिरीत उतरलं तर पोरांच्या रक्तात जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. खरेदीच्या करारातच ते लिहून घ्या.

नाशिक हा विजेच्या सामानाचा जिल्हा आहे. इथल्या कारखान्यांतून स्विचगिअर देशभर जातं, एकलहऱ्याला औष्णिक केंद्र आहे, शिलापूरला केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची चाचणी प्रयोगशाळा आहे. चाचणी झाल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या फाटकाबाहेर जात नाही, हे इथल्या हजारो कामगारांना ठाऊक आहे. त्याच जिल्ह्यात पाड्यावरचं १०० वॅटचं सोलर न तपासता घेतलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आणि शहरातल्या सोलरशी तुलना करू नका. छपरावर पॅनल लावून वीज महावितरणच्या लाइनला देणारी जी योजना शहरात चालते, तिच्या नेहमीच्या संचात बॅटरी नसते आणि लाइन गेली की तो संचही बंद राहतो. तुमच्या पाड्याला तिचा उपयोग नाही. तुमचा सगळा भार बॅटरीवर आहे.

म्हणून विनंती अशी. पुढचं सोलरचं काम काढाल तेव्हा निविदेतच तीन गोष्टी घाला. पॅनलचा करंट, तारेतला तोटा आणि बॅटरीचे तास गावासमोर मोजून दाखवायचे. ते आकडे तारखेसह मोजमाप पुस्तिकेत आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लिहायचे. आणि बिलाचा शेवटचा हिस्सा अनामत म्हणून राखून ठेवायचा. मृगापासून हस्तापर्यंतचा पावसाळा त्या संचाने काढला, सागाच्या पानांत आणि ढगांत दिवा लागत राहिला, तरच दसऱ्यानंतर तो हिस्सा सोडायचा. ठेकेदार कुरकुर करेल. चांगला असेल तर करणार नाही, कारण त्याचं काम टिकणारच असतं. अधिकाऱ्यांनी मार्चची घाई दाखवली तर ग्रामसभेचा ठराव दाखवा. पेसा कायद्याने तो अधिकार तुमच्या ग्रामसभेला १९९६ पासून दिलेला आहे.

आपला,
आयटीआयचा एक निवृत्त निदेशक,
नाशिक